बुजवलेलं भोक

मिस्त्रीने जुन्या ट्रॅक्टरचा निकामी झालेला वॉटर पंप उतरवला आणि त्याच्या बुडाशी वाळलेल्या एम-सीलवर नख मारलं.

"आबा, हे भोक कुणी बुजवलं? आतलं पॅकिंग गेलं की पाणी इथून ठिबकतं, तेव्हाच आपल्याला कळतं. वाट बंद झाली म्हणून ते बेअरिंगमध्ये शिरलं."

बुजवलं होतं मी, दिवाळीच्या सुट्टीत. 'कंपनीचीच चूक आहे,' असं आबांना आकृती काढून समजावलंही होतं.

"मीच बुजवलं," आबा म्हणाले.

मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. "घरात एम.एस्सी. झालेली लेक आहे. तिला विचारायचं तरी."

"चुकलंच माझं," आबा म्हणाले.

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "नवा पंप देऊ का, काका?"