महिन्याच्या गोळ्या

चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी कामिनीला महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. सोळाव्या दिवशीच ती आईला, छबूबाईंना, घेऊन पुन्हा दवाखान्यात आली.

"संपल्या?" डॉक्टर चकित झाल्या. "रोज दोन घेतल्यास का? ही अँटिबायोटिकची गोळी जड आहे, सांगितलं होतं ना, मनानं वाढवायची नसते."

"नाही मॅडम, एकच. आई रोज हातावर ठेवते, मी पेलाभर पाण्याबरोबर घेते." कामिनीलाच काही कळेना. गोळ्या तीस, दिवस पंधरा, आणि घरात तर त्या दोघीच.

"या गोळीनं ऊन बाधतं, सांगितलं होतं ना?"

"हो, स्कार्फ बांधूनच कॉलेजला जाते."

कामिनीची कातडी खरंच ठीक होती. मग डॉक्टरांची नजर छबूबाईंच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत ते लालबुंद झाले होते, जागोजागी सालं निघाली होती.

"मावशी, हे कशानं झालं?"

"कापूस वेचाले जास ना, ऊन लागनं."

"इतकी वर्षं वेचताय, मग यंदाच कसं भाजलं?"

छबूबाईंनी हात पदराखाली घेतले. लेक आपल्याकडे बघतेय हे त्यांना जाणवलं.

"तुम्हीच बोलनात, गोयी जड शे. मन्ही एकच पोर शे. म्हनीसन रोज पहिले मी एक खाऊ, घडीभर वाट देखू. माले काही नही व्हयनं, की मंग तिले देऊ."