टेकडीआडचं घर

“त्या इंटरनेटच्या ऑफिसानं माझं नांदतं घर कागदावरून पुसलं, आणि पुसताना कुणाला लाज वाटली नाही,” काकू म्हणाल्या.

फिटर शिडीवर चढून छपराच्या कडेला डिश आवळत होता. “आम्ही ऑफिसचे नाही, काकू. ठेकेदाराची माणसं. आज इथं, उद्या तिथं. पडेल ते काम करतो.”

“तुम्हाला कुठं बोलतेय? पाना नीट धरा, डोक्यात पडेल माझ्या.”

ठेकेदाराकडे सहा फिटर होते. काकूंनी हाच मागितला होता. “तुझं नाव झालंय बाबा,” मालक हसून म्हणाला होता, आणि बॅटरी पाठीवर घेऊन टेकडी चढताना फिटरला ते ओझं हलकं वाटलं होतं.

टॉवर टेकडीच्या पलीकडे, घर अलीकडे. दोन डिश एकमेकींना दिसल्या नाहीत तर सिग्नल येत नाही. म्हणून त्यानं सकाळी माथ्यावर खांब रोवला. त्यावर सोलर पॅनेल, खाली बॅटरीची पेटी, एक डिश टॉवरकडे आणि एक घराकडे.

“सासूसुनेसारखं आहे,” त्यानं समजावलं. “थेट बोलत नाहीत. मध्ये कुणीतरी लागतं.”

काकू हसल्या, पण उशिरा. आठ दिवसांनी त्या कुणा माणसाशी बोलत होत्या. “सवय राहिली नाही,” त्या म्हणाल्या. “चुलीशी बोलते. ती उलटून बोलत नाही, एवढंच बरं.”

माथ्यावरून घर स्वच्छ दिसलं होतं. दोरीवर एकच पातळ वाळत होतं. फिटर तिथं गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिला होता.

मागच्या वर्षी एका दुपारी काकांच्या छातीत कळ आली. फोन होता, रेंज नव्हती. काकू धापा टाकत माथ्यावर गेल्या, रुग्णवाहिका मागवली, परत आल्या तेव्हा काका थंड पडले होते. त्याआधी दोघांनी इंटरनेटच्या जोडणीसाठी तीन अर्ज केले होते. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. ‘सर्वेनुसार सदर ठिकाणी घर नाही.’

“हे पत्र याच घरी आलं,” काकू म्हणाल्या. “पोस्टमनला घर सापडलं. साहेबाला नाही.”

चौथ्यांदा त्या स्वतः ऑफिसात गेल्या. जोडणी मंजूर झाली, सर्वेच्या कागदाची नक्कलही मिळाली. तक्रार मात्र ऑनलाइनच घेतात म्हणे.

दुपारी घरात बसवलेल्या छोट्या पेटीवरचा दिवा हिरवा झाला. काकूंनी फोन फिटरच्या हातात दिला. “तुम्हीच लिहा. माझी बोटं चुकतात. मला उत्तर हवंय, दुसरं काही नको.”

तो उंबऱ्यावर बसला. काकू सांगत गेल्या, तो टाइप करत गेला. “लिहा, सर्वेवाला टॉवरपाशीच उभा राहिला.”

“तिथून दिसत नाही ना काही. टेकडी मध्ये येते.”

“मग काय लिहायचं असतं?”

“‘दिसत नाही’ लिहायचं.” त्याचा आवाज खाली आला. “पण तसं लिहिलं की माथा चढून बघावंच लागतं. ‘नाही’ लिहिलं की काम संपतं.”

“यानं ‘नाही’ लिहिलं होतं.”

फिटरनं मान वर केली नाही. “एकेका दिवसात चाळीस जागा देतात, काकू. उन्हातान्हात माणूस किती ठिकाणी चढणार?”

“तेही लिहा.”

त्यानं लिहिलं. अक्षरं दोनदा चुकली, दोनदा खोडली. मग विचारलं, “पाठवू?”

“कुणाला पाठवताय?” काकूंनी फोन त्याच्या हातातून काढून जमिनीवर पालथा ठेवला. “सर्वेच्या कागदाखाली नाव होतं. तेच मी ठेकेदाराला सांगितलं. इंटरनेट कुणाशी बोलायला हवंय मला? उत्तर द्या भाऊ, का नाही चढलात?”