हिला ताप आहे

"ताप रोजच कोणाले ना कोणाले येते," मुकादम टेकचंद म्हणाला. "काम कर. नाहीतर घरी जा, अन् उद्यापासून येऊच नको."

गिरजाबाईने लांब दांड्याचं दाताळं पुन्हा हातात घेतलं. साकोलीजवळच्या त्या कारखान्यात धानाचं तणस, म्हणजे भाताचा वाळलेला पेंढा, जाळून वीज करतात, आणि तणसाच्या गंज्या उपसायला बायका लागतात. अंग नुसतं फणफणत होतं तिचं. घरी गेली तर काम जाणार, आणि राहिली तर उभी कशी राहणार? पण टेकचंदला त्याचं काय! त्याच्या लेखी सगळ्याच बाया सोंग करणाऱ्या.

तेवढ्यात इंजिनिअर अमर नवा कॅमेरा घेऊन आला. आतल्या आत धुमसणारी गंजी हा कॅमेरा बाहेरूनच ओळखतो म्हणे. तापलेलं ते लाल दिसतं, थंड ते निळं. गिरजाबाई गंजीला टेकून उभी होती. अमरने कॅमेरा तिकडे धरला आणि पडद्याकडे बघून त्याचा चेहराच उतरला.

"बापरे! टेकचंद, हिला चांगलाच ताप आहे. आजच्या दिवस हिला राहू द्या. आधी पाणी द्या!"

शेजारी काम करणारी रुखमा टेकचंदवर उखडलीच. "आयकलं? तुह्यापेक्षा यंत्राले जास्त समजते! म्हणे सोंग करून राहिली!"

गिरजाबाईला भरून आलं. कोणाला तरी आपली दया आली, एवढंच तिला पुरे होतं. दाताळं खाली ठेवून तिने हात जोडले. "लय उपकार झाले, साहेब. मी जातो घरी."

अमर तिच्याकडे बघतच राहिला. टेकचंद मात्र फिस्सकन हसला. "ओ बाई, साहेब गंजीचं बोलून राहिले! तुले कोण पुसते?"

पाण्याचा पाइप आला. माणसं धावली. गंजीला कोणी हात लावू नये म्हणून भोवती दोरी बांधली. टेकचंदने दाताळं उचलून गिरजाबाईच्या हातात दिलं आणि पलीकडच्या गंजीकडे बोट केलं. रुखमाने मान खाली घालून आपलं दाताळं चालवलं. तिलाही उद्या कामावर यायचं होतं.

गिरजाबाईला पाऊलच उचलेना. अमरने पुन्हा कॅमेरा धरला. पडद्यावर मधोमध तीच, लालभडक.

"मावशी, जरा बाजूला व्हा ना," तो म्हणाला. "तुमच्यामुळे गंजीचा ताप दिसून नाही राहिला."