तिसरा वाटा

"अम्मी, अगं सगळं रान, मांडीचं मटण, तिसऱ्याच वाट्यात चाललंय! आपल्याला काय नुसती मान ठेवणारेस?"

नुसरत ओरडली, तरी जैतूनबीचा हात थांबला नाही. कुळगावातल्या चाळीतली दीड खोली, जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर तीन पराती. पहिली घराची, दुसरी नातलग-शेजाऱ्यांची, तिसरी गरिबांची. बकरी ईदचे वाटे असेच पडतात, हे जैतूनबीला लहानपणापासून पाठ. पण स्वतःच्या घरच्या कुर्बानीचे वाटे ती आज पहिल्यांदा पाडत होती, आणि बसली होती कशी, तर गावजेवण घालणाऱ्या पाटलिणीच्या थाटात.

"तिसऱ्या वाट्यात काय काय येतं, ते मला नको शिकवू," ती म्हणाली. "दहा वर्षं खाल्लंय मी."

खाल्लंच होतं. नवरा, यासीन, गेला त्या वर्षापासून दर ईदला दुपारी दार वाजायचं आणि मुकादमांच्या घरून एक काळी पिशवी यायची. चाळीपुढच्या तीनमजली घरातले मुकादम हाताचे सढळ, पिशवी भरून द्यायचे, खोटं कशाला बोला! पण त्यांचा नोकर उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करायचा. त्या वेळी नुसरत दारामागे लपायची. पोटात भूक असायची, मटण जीव की प्राण, तरी लपायची.

आता तीच नुसरत उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर झाली होती. धागे कापायला गेलेली पोर! सकाळी कुर्बानीच्या वेळी कसायानं विचारलं, "किसके नाम से?" आणि पोरीनं खणखणीत सांगितलं, "नुसरत बिन्ते यासीन." बापाचं नाव असं चारचौघांत घेतलेलं ऐकलं आणि जैतूनबीचा ऊर भरून आला. पदर डोळ्यांना लावावा लागला.

शेजारच्या वेणूबाई दारातून डोकावल्या. "माझा वाटा काढलास ना? आज माझा सोमवार आहे बाई. फ्रीजमध्ये ठेव, उद्या नेते. आणि विसरलीस तर भांडायला येईन."

"तुम्हाला विसरायची छाती आहे का कुणाची!" जैतूनबी हसली आणि दुसऱ्या परातीत दोन तुकडे वाढवले.

वेणूबाई जाता जाता म्हणाल्या, "मुकादमांकडून कोणीतरी येतंय वाटतं तुझ्याकडे."

जैतूनबीचा हात आता मात्र थांबला. नुसरतचं तोंड कडू झालं.

"पिशवी घ्यायची नाही हं, अम्मी. मी दारातच सांगते, आमच्याकडे झालीय कुर्बानी म्हणून. ऐकू दे सगळ्या चाळीला!"

"खबरदार! दारी आलेला वाटा परत करायचा नसतो. बकऱ्यावर सुरी फिरली, तुझ्या नाकावर कधी फिरायची गं?"

बोलायला ती बोलली. पण तिच्या स्वतःच्या नाकाचं काय? एवढं सगळं करून आजही काळी पिशवीच आली, तर लोकांच्या लेखी आपण होतो तिथेच. या अल्लाह, आजचा एक दिवस तेवढी नको, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

दारात नोकर नव्हताच. खुद्द हाजराबी मुकादम उभ्या होत्या, गुडघ्यावर एक हात ठेवून धापा टाकत. दुसऱ्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर क्रोशाचा रुमाल.

जैतूनबी बघतच राहिली. मुकादमांचा रुमाल टाकलेला डबा कुणाकडे जातो, ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं. लेकीच्या सासरी, व्याह्यांकडे, बरोबरीच्या घरी. आणि तो घरची बाईच घेऊन जाते.

हाजराबींनी चपला काढल्या, आत आल्या आणि कुणी म्हणायच्या आत पलंगावर टेकल्या. "ईद मुबारक, जैतून. आधी पाणी दे मला. आणि डबा लगेच रिकामा करून दे, म्हणजे घेऊनच जाते."

"रिकामा?" जैतूनबी ताठ झाली. "रिकामं भांडं परत द्यायची आमच्या घरात रीत नाही, आपा."

तिनं डबा घासला, पुसला आणि दुसऱ्या परातीतून झाकणापर्यंत भरला. नुसरत पाणी घेऊन आली. दारामागून नाही, पुढून आली, आणि हाजराबींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तो भरलेला डबा घेऊन हाजराबी चाळीच्या सगळ्या दारांवरून हळूहळू गेल्या. वेणूबाईंनी तर बाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून बघितलं.

नुसरतला आता काय करू नि काय नको असं झालं. तिनं कपाटामागून एक काळी पिशवी ओढली. "रझियाचा वाटा भरते, अम्मी. देऊन येते पटकन." मागच्या पत्र्याच्या खोलीतल्या रझियाचा नवरा गेल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पदरात दोन पोरं होती.

जैतूनबीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. फळीवरचा सगळ्यात वरचा डबा काढला, निकाहातला, झाकणावर 'यासीन तांबोळी' कोरलेला. तिसऱ्या परातीतलं रान त्यात भरलं आणि वर स्वतःचा धुतलेला रुमाल टाकला.

"पटकन नाही. चपला काढ, आत बस, पाणी माग तिच्याकडे. मग ये."

"अम्मी, अब्बांच्या नावाचा डबा आहे! परत नाही आला तर?"

"येईल गं," जैतूनबी म्हणाली. "लागू देत दहा वर्षं. भरून येईल."