खालची ओळ

पाथरवटाने छिन्नी पहिल्या अक्षरावर टेकवून हातोडी उचलली, तेवढ्यात दफनभूमीचं फाटक जोरात आपटलं. मुलाचा बाप तरातरा येत होता. त्याच्या मागोमाग, जन्मभराच्या सवयीने दोन पावलं मागे, त्याचा धाकटा भाऊ. रखवालदाराने फोन करून आपलं कर्तव्य बजावलं होतं, आणि आता तो झाडाआड उभा राहून पाहत होता.

मुलाची आई थडग्याच्या उशाशी उकिडवी बसली होती. ती उठली नाही. सकाळी येऊन तिने तो गुडघाभर उंचीचा दगड स्वतः धुतला होता, अक्षरांत साचलेली माती काडीने उकरून काढली होती. वर मुलाचं नाव, मग दोन तारखा, त्याखाली ‘अपघाती निधन’. ही शेवटची ओळ बापाने घालून घेतली होती. ती काढता येईल का, असं तिने आधी विचारलं होतं. पाथरवट म्हणाला, ताई, कोरलेलं पुसता येत नाही. सगळा दगड घासावा लागेल, मग पोराचं नावही जाईल. तर राहू द्या, ती म्हणाली, पण खाली खरं काय ते घाला. पाथरवट बराच वेळ छिन्नीला धार करत बसला. शेवटी त्याने खडूने ओळ आखून लिहिलं: बापाने मारलं.

बापाने ते वाचलं. दोन शब्द वाचायला असा कितीसा वेळ लागतो. त्याने पाय उचलून बुटाच्या तळव्याने ती ओळ खसाखसा पुसली. पुसताना बूट मुलाच्या नावावरूनही फिरला.

“घरी चल.”

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “काम झालं की येते.”

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं, आताही केलं नाही. त्याला तेच जास्त झोंबलं असावं. पहिली थप्पड कानाखाली बसली. दुसऱ्या वेळी हाताची मूठ झाली होती. तिचा ओठ फाटला आणि हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला. पाथरवट मध्ये पडायला गेला, तर त्याला असा धक्का बसला की तो शेजारच्या थडग्यावर पाठीवर कोसळला. अशा माणसांना राग आवरत नाही, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. कचेरीत साहेब तोंडावर वाट्टेल ते बोलायचा, तेव्हा याचा राग बरोबर आवरलेला असायचा.

धाकटा भाऊ नुसता उभा होता. पोर जिन्यावरून पडलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हे त्यानेच डॉक्टरांना सांगितलं होतं, मग पोलिसांना, मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. इतक्यांदा सांगितलं होतं की वाक्यातला एक शब्दही इकडचा तिकडे होत नसे. वहिनीच्या ताटात जेवण वाढून तो तिच्यासमोर बसून राही, पण तिच्या नजरेला नजर देत नसे.

बापाने आता तिचे केस मुठीत धरले. डोकं मागे खेचलं आणि दगडाच्या कडेवर आणून आपटलं. आवाज विचित्र आला. तिने दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारली होती. ती ओरडली नाही, की तिने दगड सोडला नाही. त्याने डोकं पुन्हा मागे खेचलं.

“दादा, डोकं नको,” धाकटा किंचाळला. तो भावाच्या दंडाला लोंबकळला होता. “सोड तिला. तेव्हाही डोकंच आपटत होतास. मी सोड सोड म्हणत होतो, तेव्हाही सोडलं नाहीस.”

केसांतली मूठ सैल झाली. बापाने भावाकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. रखवालदार झाडाआडून बाहेर आला होता. पाथरवट उठून उभा होता आणि त्याने हातोडी घट्ट धरली होती, पण दगड फोडायला धरतात तशी नव्हे. बाप काहीतरी बोलायला गेला. दोघांवर खेकसून बघावं, असं त्याच्या मनात आलं असेल. पण त्याला मारायला सोपं असं तिथे आता कुणी उरलं नव्हतं. तो शर्ट ओढत नीट करत फाटकापर्यंत गेला आणि तिथेच, पाठ करून, उभा राहिला.

धाकटा दगडापुढे खाली बसला. रडत होता, त्याची त्यालाही लाज वाटत होती. वहिनीला हात द्यायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने खडू उचलला, पण दगडावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. पाथरवटाने खडू त्याच्या हातून काढून घेतला आणि काय लिहायचं ते विचारलं.

“बापाने मारलं,” तो म्हणाला. “काका बघत उभा होता.”

पाथरवटाने मोकळ्या जागेवर वीत ठेवून पाहिली. “दोन ओळी होतील, ताई.”

तिने तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं. दिराकडे पाहिलंही नाही.

“बसवा,” ती म्हणाली.