किल्ल्याकडची खोली

"बाबा, हे शेवटचं. इथंही खोट काढलीत तर मी सरळ परतीची गाडी धरणार," लेक म्हणाली आणि तिने बॅगा पायरीवर आपटल्या.

तिचे वडील, तपासनीस, हॉटेलकडे बघत होते. दुमजली इमारत, समोर वाळू, वाळूपुढे समुद्र आणि समुद्रात जुना काळा किल्ला. भरतीचं पाणी तटाला चहूकडून भिडलं होतं.

सकाळपासून तीन हॉटेलं नापास झाली होती. एकात चादरी फार पांढऱ्या होत्या, म्हणजे खालच्या गाद्या बघण्यासारख्या नसणार. दुसऱ्यातला मॅनेजर विचारायच्या आधीच "काळजीच करू नका" म्हणाला, म्हणजे काळजी करण्यासारखं काहीतरी होतंच.

तपासनिसांचं आयुष्य विजेचे मीटर तपासण्यात गेलं होतं. लोक तारेवर आकडा टाकून वीज चोरतात आणि वर चहा पाजतात, हे त्यांनी इतक्या वेळा बघितलं होतं, की कुणी चहा पुढे केला तर त्यांची नजर आधी भिंतीकडे जायची. कचेरीत त्यांना 'झटका' म्हणत. त्यांच्या या संशयाला हसणारी एकच होती, त्यांची बायको. ती हिवाळ्यात गेली. हा किल्ला बघायची हौस तिची. तोही भरतीच्या वेळी, पलंगावर पडल्या पडल्या, खिडकीतून. "उभं राहूनच बघायचा तर कॅलेंडरवर आहे की," असं ती म्हणायची. दरवर्षी ते पुढच्या वर्षावर गेलं. आता निदान आपण तरी तो तसा बघावा, एवढ्यासाठी तपासनीस इथवर आले होते.

हॉटेलचे मालक स्वतःच बाहेर आले. वय साठीचं, दाढी वाढलेली.

"खोली आहे ना, साहेब. मागच्या बाजूला. हवेशीर, शांत."

"पुढची?"

"पुढे एकच आहे. ती बंद आहे."

"का?"

"काम चाललंय."

"कसलं?"

मालकांनी एकदा लेकीकडे बघितलं. "असंच. दुरुस्तीचं."

ठोकल्याचा आवाज नव्हता, सिमेंटचा वास नव्हता. तपासनीस जिन्याखाली गेले. तिथे मीटर होते, प्रत्येक खोलीचा वेगळा, वर रंगाने नंबर घातलेले. बाकीचे थंड पडले होते. पुढच्या खोलीच्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता.

"ये इकडे. बघ हे."

"बाबा, तुम्ही हॉटेल बघायला आलात की धाड घालायला?"

"बंद खोली वीज खाते का?"

"चालू असेल एखादं मशीन. काम चाललंय म्हणाले ना ते."

"कामाचं मशीन ओरडतं. हे गुपचूप चाललंय." त्यांनी आवाज खाली आणला. "पाणी कुठंतरी मुरतंय. चांगली खोली आपल्या माणसांसाठी दाबून ठेवायची आणि मागची आपल्या गळ्यात मारायची."

"मारू द्या. मी दमलेय."

पण तपासनीस जिना चढू लागले होते.

"अहो साहेब, वर नका जाऊ," मालक मागून धावले. मग तर तपासनिसांची खात्रीच पटली. नको म्हणणाऱ्याच्या घरातच आजवर आकडे सापडले होते.

पुढच्या खोलीच्या दारामागून बारीक घरघर येत होती. त्यांनी दार ठोठावलं, आणि ठोठावतानाच दुसऱ्या हाताने दाराची मूठ फिरवली. नोकरीतली सवय. उत्तराची वाट बघितली की लोक तेवढ्यात तार काढून टाकतात.

दार उघडलं.

खिडकीला लागून पलंग होता. पलंगावर उशांना टेकून एक बाई पडल्या होत्या. नाकाशी नळी, नळीचं दुसरं टोक पलंगाजवळच्या यंत्रात. यंत्र एकसारखं घरघरत होतं. त्या आवाजापुढे समुद्र ऐकूच येत नव्हता. खिडकी भरून किल्ला होता.

"कोण आलंय?" बाईंनी विचारलं.

मालक धापा टाकत दारात पोचले. "कुणी नाही गं. खोली बघायला आलेत. चुकून इकडे शिरले."

"मग दाखवा की. खिडकीपाशी या हो, तिथून सगळे बुरूज दिसतात." बाई श्वासासाठी थांबल्या. "यांना आवडली तर सांगून ठेवा. फार दिवस नाही थांबावं लागायचं."

"काहीतरीच बोलू नकोस," मालक म्हणाले आणि नीटच असलेलं पांघरूण पुन्हा नीट करू लागले.

लेकीने तपासनिसांचं कोपर धरलं. त्यांनी ते हळूच सोडवलं आणि ते खिडकीपाशी गेले. थोडे वाकले, पलंगावरच्या माणसाला दिसेल तेवढे. पाणी तटावर चढत होतं. बायको म्हणायची तसंच दिसत होतं, अगदी तसंच.

ते सरळ झाले. वळले तेव्हा चेहरा नोटीस बजावताना असायचा तसा होता.

"नाही चालायची."

"बाबा!"

"नाही चालायची, वहिनी. समुद्राचा आवाज फार येतो. आम्हालाच काय, ही खोली कुणालाच नाही चालायची. तुम्हीच राहा."

"येतो आवाज?" बाईंनी विचारलं.

"कानठळ्या बसतात."

मालकांचा हात पांघरुणावर तसाच राहिला. बाईंनी उशीवरची मान खिडकीकडे वळवली, डोळे मिटले आणि त्या कान देऊन ऐकू लागल्या.