ट्यूबाचा ठोका

दिवसभर औषधाच्या दुकानात उभा असणारा रामिल गावच्या हौशी ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचा. एका रविवारी म्हाताऱ्या सेवेरोंनी, ज्यांना सगळे 'मानोंग' म्हणजे थोरले दादा म्हणत, आपला ट्यूबा, पितळेचं ते अवजड धूड, त्याच्या मांडीवर आणून ठेवला.

"हेही शीक. ट्रम्पेटवाले ढीगभर आहेत, ट्यूबावाला मी एकटाच."

शिकवताना मानोंग स्वतः कधी फुंकून दाखवत नसत. नुसते गुणगुणत आणि रामिलच्या बोटांवर बोटं दाबत. महिनाभर त्यांनी एकच धून घोटून घेतली, प्रेतयात्रेची. सोपी आहे, नवशिक्याला बरी, अशी रामिलने स्वतःची समजूत घातली. पण आज त्यांनी त्याला चर्चच्या दारापासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत ती वाजवत चालायला लावलं. अर्ध्या चढावरच त्याला धाप लागली.

"मानोंग, गावातल्या प्रत्येक मयताला ट्यूबा तुम्हीच वाजवता. मग मला कशाला बैलासारखं जुंपलंय?"

मानोंग केव्हाच मागे राहिले होते. कठड्याला टेकून त्यांनी आधी श्वास गोळा केला.

"चढ आला की तू घाई करतोस, गाढवा. शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं ट्यूबाच्या ठोक्यावर पाऊल टाकतात. इथे सावकाश वाजवायचं."

मग आपल्या सुटलेल्या पोटावर थाप मारून म्हणाले, "मी काही वजनाला हलका नाही."